बांधावरची थोरली वैनी

वारा अडवायला लावलेली झाडं शोधत हिंडणं ही नोकरी असू शकते, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं. आईला तर मी ती नोकरी करत असतानाही पटलं नाही. निपाणीत बिड्या वळून तिनं मला शिकवलं, आणि लेक आता काय करते असं शेजारणीनं विचारलं की ती सांगायची, "बेळगावात कालिजात हाय. झाडं बघती." शेजारीण गप्प व्हायची. मग आईला वाटायचं आणखी काही सांगायला हवं, म्हणून म्हणायची, "पगार हाय."

मला मात्र त्या कामाचा अभिमान होता, अजून आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. मुलाखतीत प्रकल्पाच्या सरांनी माझ्या अडखळत्या इंग्रजीकडे लक्षच दिलं नाही. बांधावरून न पडता चालता येतं का, एवढं विचारलं. ते मला येत होतं. त्या एका प्रश्नासाठी मी सरांची जन्मभर ऋणी आहे.

निपाणीकडचा भाग उघडा, माळाचा. आषाढ-श्रावणात घाटाकडून वारा सुटला की तंबाखूची कोवळी रोपं आडवी होतात. म्हणून आमच्या जन्माआधी कधीतरी सरकारी खात्यानं शेतांच्या बांधांवर सुरू आणि नीलगिरीच्या लांबच लांब रांगा लावल्या होत्या. कागदोपत्री त्या वातरोधक रांगा. गावात म्हणायचे सरकारी झाडं. सरांना बेळगावच्या कॅम्पातल्या एका कचेरीच्या अडगळीत त्या रांगांचा जुना नकाशा सापडला. त्यातल्या प्रत्येक हिरव्या रेघेपाशी जायचं, काय उरलंय ते बघायचं, आणि फोनमधल्या ॲपमध्ये दोनपैकी एक बटण दाबायचं: जिवंत किंवा मृत. रांगेतलं एक जरी मूळचं झाड जिवंत असलं तर नव्या नकाशात रेघ सलग काढायची, एकही नसलं तर तुटक.

बेळगावात अनगोळातल्या खोलीवरून मी सकाळीच निघायचे आणि निपाणीची बस धरायचे. सोबत डबा आणि बुंध्याचा घेर मोजायची फीत. थोड्याच दिवसांत कळलं की झाडं जातात, पण रांगा जात नाहीत. एका गावात "सुरूची लाईन" नावाचा बसथांबा होता. माणसं तिकीट काढून तिथं उतरत, आणि नजर जाईल तिथवर सुरूची काडीसुद्धा नव्हती. दुसऱ्या गावात एका आजोबांनी मला देवळात नेलं, आढ्याकडे बोट केलं आणि तुळया मोजायला लावल्या. म्हणाले, रांगेतली सगळी झाडं इथं आहेत, एकही वाया गेलेलं नाही. मी सरांना फोन लावला. सर विचारात पडले. सर कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत. शेवटी म्हणाले, छपराखालचं झाड मृत धरा, पण आजोबांना सांगू नका.

मग ते गाव आलं. नाव सांगत नाही, कारण त्या घरी मला अजून जेवायला बोलावतात. गाव कर्नाटकात, पण शिवाराचा शेवटचा बांध ओलांडला की महाराष्ट्र. त्याच बांधावर जुन्या नकाशात विहिरीपासून ओढ्यापर्यंत हिरवी रेघ होती. जमीन दोन भावांची. गाव त्यांना आप्पा आणि अण्णा म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आप्पा थोरले, कमी बोलणारे. अण्णा धाकटे, त्यांना बोलायला कारण लागत नसे. वाटणीत तो बांध अण्णांकडे आला होता, म्हणून झाडं दाखवायला तेच माझ्यासोबत निघाले.

झाडं नव्हतीच. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला तंबाखू, मधे गवत. अगदी शेवटी, ओढ्याच्या अंगाला, एक नीलगिरी. तीही सरळ नव्हती. जमिनीलगत कधीकाळी छाटलेलं जाडजूड खोड आणि त्याच्या कडेनं उठलेले चार-पाच उंच फुटवे, सगळे वाऱ्यानं पूर्वेकडे कललेले. मी आनंदानं फीत काढली आणि वाकले. मागं अण्णांनी टोपी काढल्याचं दिसलं. हात जोडून ते म्हणाले, "आधी पाया पड. आमची थोरली वैनी हाय."

मी आजूबाजूला पाहिलं. बाई कुठं दिसेना. मग वाटलं इथं कुणाची तरी समाधी असावी, म्हणून चपला काढल्या. अण्णा म्हणाले, समाधी कुठली, ही काय तुझ्या समोर उभी आहे. आणि तिथंच बांधावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

आप्पांच्या लग्नाचं बघत होते तेव्हा पत्रिकेत निघालं की यांची पहिली बायको जगणार नाही. त्यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता: आधी झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे झाड जातं आणि नंतर येणारी बाई वाचते. भटजींनी नेहमीप्रमाणे रुई सुचवली. पण आप्पांच्या आई हुशार. त्या म्हणाल्या, रुई मरते होय कधी? कापा, जाळा, पावसाळा आला की पुन्हा उभी. असं झाड हवं की ज्याच्या मरण्यात शंका नको. कुणालाच फार विचार करावा लागला नाही. त्याच महिन्यात खात्याची माणसं येऊन बांधावर रोपं लावून, फोटो काढून गेली होती. सरकारी रोप म्हणजे दिवाळी बघत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. भटजींनाही ते पटलं.

तेव्हा आप्पांना मुंडावळ्या बांधून गुडघ्याएवढ्या नीलगिरीपाशी उभं केलं. अंतरपाट अण्णांनी धरला होता. नवरी फारच बुटकी, त्यामुळं त्यांना सगळी मंगलाष्टकं ओणवं होऊन काढावी लागली. अक्षता पडल्या. गाव जेवलं.

"आणि मग मरंना झाली की ती," अण्णा म्हणाले.

आसपासची रोपं पिवळी पडली, काही गुरांनी तुडवली, काही वाळवीनं खाल्ली. ही एकटी दिवाळीपर्यंत छातीला लागली. तुळशीचं लग्न झालं की आप्पांचं खरं लग्न ठरलेलं. शेवटी एका सकाळी आप्पांच्या आई कोयता घेऊन गेल्या, नीलगिरी जमिनीलगत उडवली, घरी आल्या आणि सगळ्यांना अंघोळी करायला लावल्या. सून गेली म्हणून सांगितलं. निपाणीच्या सोनाराकडून गेलेल्या सुनेच्या नावाचा चांदीचा टाक करून आणला आणि देव्हाऱ्यात बसवला. सोनाराकडं झाडाचा ठसा नव्हता, म्हणून त्यावर बाईच आहे.

महिन्याभरात आप्पांची खरी बायको घरात आली. तिला मी काकू म्हणते. ती या घरात दुसरी म्हणून आली आणि दुसरीच राहिली. थोरली म्हणजे बांधावरचं कापलेलं झाड हे तिला माहीत होतं, पण त्या बांधाकडं तिचं कधी जाणं झालं नव्हतं. सणाचं पहिलं ताट टाकापुढं. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. हळदीकुंकवाचं पहिलं बोट टाकाला. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला थोरलीच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायची, आणि सवाष्ण उठल्याशिवाय काकूनं घास घ्यायचा नाही. काकू जिला आत्याबाई म्हणायची ती सासू गेली, पण सासूनं घालून दिलेलं मोडायचं धाडस कुणाला झालं नाही.

"आणि तुम्ही कधी सांगितलं नाही, की ही फुटली म्हणून?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? वाटणीत बांध माझ्याकडं आला, त्याच्यासंगं वैनी पण आली. मी कधी तक्रार केली न्हाय."

मी खरंच आनंदात होते. रेघ सलग होणार होती. पण मूळचं झाड हेच, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून खात्री करून घ्यायची सरांची शिस्त, म्हणून आम्ही आप्पांच्या घरी गेलो. आप्पा पुढच्या सोप्यात बाजल्यावर बसले होते. मी रांगेचं विचारलं. ते म्हणाले, सगळी मेली. मी शेवटच्या नीलगिरीचं विचारलं. ते म्हणाले, ती तर पहिल्यांदाच मेली. मी म्हणाले, आप्पा, मी आत्ताच तिचा घेर मोजून आले.

"मोजला असशील," आप्पा म्हणाले. "मेलीया ती."

त्याच वेळी काकू चहा घेऊन बाहेर आली. अण्णांना राहवलं नाही. "धाकल्या वैनी," ते म्हणाले, "थोरल्या जित्या हाईत बरं का."

काकूनं चहाचं ताट खाली ठेवलं. आप्पांकडं पाहिलं. आप्पा आढ्याकडं पाहत होते. पायात चप्पल न घालता ती तशीच निघाली, आणि आम्ही तिघं तिच्या मागून.

बांधावर ती नीलगिरीपुढं बराच वेळ उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं. एक पान तोडून चुरगळलं, वास घेतला, टाकून दिलं.

"हिला मी साड्या दावत बसले व्हय," ती म्हणाली.

 मी कामाला लागले आणि फोनवर झाडाची जागा नोंदवली. ठिपका बांधाच्या पलीकडं, महाराष्ट्रात पडला. पुन्हा नोंदवली, तर अलीकडं. तिसऱ्यांदा परत पलीकडं. ॲपला आमच्या राज्याबाहेरचं झाड चालत नाही, ते लाल होऊन ओरडतं. अण्णा वाकून बघत म्हणाले, माहेराला जाऊन येत असेल. आप्पांनाही हसू आलं, आणि काकूनं बघितल्यावर लगेच गेलं.

काकू माझ्याकडं वळली. "तू शिकल्याली हाईस. ह्या दोघांचं काय खरं न्हाय. ती हाय का गेली, ते एक सांग. गेली असंल तर मी करतीया ते बरोबर. हाय म्हणत असशील, तर मी आजवर कुणासाठी थांबले?"

माझ्यापुढं दोन बटणं होती. ज्या रोपाशी लग्न लागलं ते खोड तर कापलं गेलं होतं. हे फुटवे नंतरचे. मग हे तेच झाड की दुसरं? अण्णा म्हणाले, दुसरं असेल तर मग ही तिची पोरं म्हणायची, आणि पोरं असतील तर आप्पांच्या जमिनीत त्यांचा वाटा निघतो. "भावजी, तुम्ही गप बसा," काकू म्हणाली. अण्णा बसले, पण गप्प नाही.

मी सरांना विचारून सांगते म्हणाले. नवमी पुढच्या आठवड्यात होती. काकूनं तेवढीच मुदत दिली.

सरांनी नेहमीप्रमाणे ते मनावर घेतलं. मी लग्नाचं सगळं सांगितलं तरी हसले नाहीत, उलट नवरीची उंची लिहून घेतली. मग वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, एकच झाड. आमच्या विभागातल्या आणखी एकांनी हरकत घेतली, की मग जुन्या झाडाची फांदी लावून कुणी बागेत नवं झाड केलं, तर तेही एकच का. दुपारच्या डब्याच्या वेळी यावरून दोघांची बोलाचाली झाली आणि एकाची चटणी सांडली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. एवढी मोठी माणसं माझ्या झाडावर भांडताहेत याचं मला कौतुक वाटत होतं, आणि त्याच वेळी सोप्यात चहा खाली ठेवणारी काकू डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मधल्या दिवसांत मी दुसऱ्या गावाला चालले होते, तर निपाणीच्या स्टँडवर आप्पा भेटले. सहज भेटले नव्हते. सकाळपासून बाकावर बसून होते. त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः खाल्ली नाहीत. बराच वेळ पावसाचं बोलले. मग म्हणाले, तेवढं मृत कर.

मी म्हणाले, आप्पा, जिवंत झाडाला मृत कसं करू, सरांना काय सांगू. ते म्हणाले, दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांना फुटवे दिसले होते. आईला सांगितलं असतं तर पुन्हा कोयता चालवावा लागला असता, आणि तो त्यांच्याच्यानं चालवला गेला नसता. लग्न लागलेल्या बाईवर कोयता कसा उचलायचा. आणि न चालवावा तर पत्रिकेतलं संकट तसंच शिल्लक. म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की ती मेली. रोज त्या वाटेनं जाताना मान वळवून जायचे.

"ती हाय म्हटलीस," आप्पा म्हणाले, "की ते हिच्यावर यील."

तेव्हा मला कळलं की हा माणूस लग्नापासून आजवर एका झाडाकडं न बघता चालतो आहे, कारण त्याला घरातली बायको हवी आहे.  भजी गार झाली. मी एवढंच म्हणाले की सर जे सांगतील तेच मी सांगेन, खोटं सांगणार नाही, पण तुम्ही हे काकूंना एकदा सांगा. ते म्हणाले, असलं कुणी बायकोला सांगतं होय.

नवमीच्या आदल्या दिवशी सरांचा निर्णय झाला. मूळ जिवंत तर झाड जिवंत. सर त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "बघा, ते बाईंना नीट समजून सांगायचं. सायन्स आहे म्हणून तोडून बोलायचं नाही." मी दुपारच्या बसनं निघाले.

चौघंही बांधावर जमलो. मला समजावून सांगायचं होतं, म्हणून बसमध्ये उदाहरण ठरवून आले होते. मी म्हणाले, काकू, केस कापले तरी माणूस तेच राहतं ना, केस पुन्हा येतात. तसं हे. खालचं मूळ तेच आहे. ती गेलीच नव्हती.

काकूनं मान डोलावली. "म्हंजे आत्याबाईंनी तिचे केस कापले," ती म्हणाली, "आणि सुतक मला लावलं."

आप्पा पुढं आले. स्टँडवर मला सांगितलेलं त्यांनी तिथं, सगळ्यांसमोर, झाडाकडं पाठ करून सांगितलं. वाक्यं मोडकी होती, पण सगळं आलं: फुटवे, मान वळवून जाणं, तिच्यावर येईल ही भीती. अण्णांनी पहिल्यांदाच मधे तोंड घातलं नाही.

काकूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी आलते त्या सालापासनं ही जिती हाय न्हवं?"

"व्हय."

"आणि मी बी जिती हाय?"

आप्पांनी मान हलवली.

"मग काय यायचं ऱ्हायलंय?" काकू म्हणाली. "जिती म्हणून तुम्ही तिला घाबरला, आणि मेली म्हणून मी उपाशी ऱ्हायले. तिला काय न्हाय त्याचं, ती वाढतीया."

मी बटण दाबलं. जिवंत. ठिपका कर्नाटकात पडला, म्हणून लगेच जतन केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला जेवायला यायला बजावलं होतं. मी गेले तेव्हा घरात पुरणाचा वास होता आणि देव्हाऱ्यातली एक जागा मोकळी होती. टाक फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला होता. जितीचा टाक ठेवत नाहीत, असं काकू म्हणाली, सोनाराला देऊन जोडवी करायची. सवाष्ण बोलावली नव्हती. अण्णा आधीच येऊन भिंतीला टेकले होते आणि चुलीकडं बघत होते.

काकूनं एकच पाट मांडला. एकच ताट. आणि स्वतः बसली. आप्पांना म्हणाली, वाढा.

आप्पांनी आयुष्यात कधी वाढलं नसावं. पोळी ताटात ठेवायची की टाकायची हे त्यांना ठरवता येईना. कटाची आमटी वाटीपेक्षा पाटावर जास्त गेली.  काकूनं पोळीवर तूप मागितलं, दूध मागितलं, पहिला घास मोडला, आणि आम्ही तिघं उभ्यानं तिच्या हाताकडं बघत राहिलो. अण्णा एकदा खाकरले. तिनं वर बघितलं नाही.

आप्पा तूप वाढता वाढता थांबले. जरा चाचरत म्हणाले, "घरचीच हाय म्हटल्यावर... तिला एक ताट न्यावं का बांधावर?"

"न्या की," काकू म्हणाली. "तिचं बी माणूस तुम्हीच. पर आधी माझं हू द्या."

मग ती जेवली. सावकाश, प्रत्येक घास चावून. आमटी दोनदा घेतली. भाताला नको म्हणाली, मग विचार बदलला. बाहेर वारा सुटला होता आणि सोप्यातलं दार आपटत होतं, पण ते लावायला कुणी हललं नाही. ताट स्वच्छ झालं, तेव्हा आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. काकूनं तांब्या बाजूला ठेवला आणि आणखी एक पोळी मागितली.